ठेक्याचा धनी : उस्ताद अहमदजान थिरकवा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका अजून माझ्या वहीत आहे. भावगीत, नाट्यगीत, अभंग, समूहगान असे सर्व कार्यक्रम तीत क्रमाने छापलेले आहेत. प्रत्येक गीतापुढे गाणाऱ्याचे नाव आणि वर्ग दिला आहे. निवेदकांची नावे आहेत, रांगोळी काढणाऱ्या मुलींचीही नावे आहेत, आणि ती असायलाच हवीत. सर्वांत शेवटी, आभाराच्या ओळीवर, एकच शब्द आहे : साथसंगत. त्याच्यापुढे कोणाचेही नाव नाही. त्या सायंकाळी अकरा गाण्यांना तबल्याची साथ मी केली होती.

खरे सांगायचे तर मला राग आला. यापुढे साथीला बसायचे नाही, बसायचे तर स्वतंत्र वादनालाच, असे मी मनाशी ठरवून टाकले. मराठी विभागातील सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली नाही. ग्रंथालयातून नाट्यसंगीतावरची दोन जुनी पुस्तके काढून माझ्या हातात ठेवली आणि त्यांत वरचेवर येणाऱ्या एका माणसाचे चरित्र वार्षिक अंकासाठी लिहून आणण्यास सांगितले. तो माणूस म्हणजे उस्ताद अहमदजान थिरकवा. प्रस्तुत लेखाचा जन्म असा एका रुसव्यातून झाला आहे, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मित्रहो, आपल्या राजापूर तालुक्यात ताल कोणाला मुद्दाम शिकवावा लागत नाही. गणपतीत घरोघरी भजन उभे राहते, शिमग्यात ढोल वाजतात, नमनाच्या खेळात मृदंग घुमतो. रात्री अर्जुना नदीच्या पलीकडील एखाद्या वाडीत भजन चालू असले तर अलीकडच्या काठावर आपल्याला काय ऐकू येते, हे एकदा आठवून पाहावे. बुवांचे शब्द ऐकू येत नाहीत. पेटीचे सूरही वाऱ्याबरोबर येतात आणि जातात. ऐकू येतो तो पखवाजाच्या डाव्या अंगाचा, कणीक लावलेल्या पुडीचा खोल आवाज. अंधारात पायवाट दाखवावी तसा तो आवाज भजन कोठे चालले आहे हे सांगत असतो. तरीही भजन संपल्यावर लोक बुवांना भेटतात, पखवाजवाल्याला कोणी भेटत नाही.

जे पखवाजाच्या डाव्या अंगाचे, तेच तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे. उजव्या हाताखालचा तबला गायकाच्या स्वरात लावलेला असतो, तो बोलका असतो, बोटांची नजाकत तेथे दिसते. डावा डग्गा खर्जात बोलतो. त्याची शाई मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे मोकळ्या राहिलेल्या कातडीवर मनगटाचा दाब कमीजास्त करून त्याचा आवाज वर चढवता येतो, खाली उतरवता येतो, लांबवता येतो. शिकाऊ मुले सारी मेहनत उजव्या हातावर करतात आणि डग्ग्यावर नुसती थाप मारतात. माझेही तसेच झाले होते. ताल उचलून धरतो तो डावा हात, ही गोष्ट ज्यांच्या चरित्रातून मला कळली, त्या थिरकवांकडे आता वळू.

अहमदजान यांचा जन्म उत्तर हिंदुस्थानात मुरादाबाद येथे १८९२ च्या सुमारास झाला. घरात संगीत पिढीजात होते. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत. घराण्यात तबलावादकही होते. लहानग्या अहमदजानला प्रथम गाण्याचे व सारंगीचे थोडेफार शिक्षण मिळाले, परंतु मन रमले ते तबल्यात. गळा आणि सारंगी यांचा हा आरंभीचा संस्कार मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला गाणे आतून कळते तोच गाण्याला साथ करू शकतो. पुढे ज्या माणसाच्या तबल्यातून गाणे ऐकू येते असे जाणकार म्हणू लागले, त्याची सुरुवात गाण्यातच झाली होती, हा काही योगायोग नव्हे.

कोवळ्या वयातच अहमदजान मुंबईस आले आणि उस्ताद मुनीरखाँ यांचे शिष्य झाले. १८५७ च्या उठावानंतर दिल्ली-लखनौकडील दरबारी आश्रय आटत गेला होता आणि अनेक कलावंतांनी मुंबईची वाट धरली होती. मुनीरखाँ त्यांपैकीच एक. ते मूळचे मीरतकडचे. एका गुरूवर संतुष्ट न राहता त्यांनी अनेक उस्तादांकडून विद्या मिळवलेली होती. दिल्लीचा दोन बोटांचा, किनारीचा नाजूक बाज त्यांच्याकडे होता. अजराड्याचे आडलयीचे कायदे होते. लखनौ आणि फरुखाबादच्या मोकळ्या हाताच्या गतीही होत्या. तबल्याच्या त्या काळातील घराण्यांमध्ये किती राखण असे, एकेक बोल कसा तिजोरीत ठेवल्यासारखा जपला जाई, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संग्रहाचे मोल कळेल. हे सारे धन मुनीरखाँनी शिष्यांना दिले. त्यांचे भाचे अमीरहुसेनखाँ आणि अहमदजान ही त्या परंपरेची दोन मोठी नावे. अमीरहुसेनखाँ पुढे मुंबईतच राहिले आणि १९६९ साली निवर्तले. तबल्यावर मराठीत मोठा ग्रंथ लिहिणारे अरविंद मुळगावकर हे त्यांचेच शिष्य.

थिरकवा हे आडनाव नव्हे. रियाज करणाऱ्या या मुलाची बोटे तबल्यावर नाचताना पाहून मुनीरखाँच्या वडिलांच्या तोंडून तो शब्द निघाला, असे सांगतात. थिरकणे म्हणजे नाचणे, लयीत हलणे. घरातल्या एका वडीलधाऱ्याने कौतुकाने ठेवलेले ते नाव जन्मभर चिकटले आणि पुढे खऱ्या नावापेक्षाही मोठे झाले.

आता या चरित्रातील सर्वांत मोठ्या पर्वाकडे येऊ. तो काळ मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने जी परंपरा सुरू झाली, तिला बालगंधर्वांनी कळस चढवला. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली गणेशपंत बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. स्वयंवर, एकच प्याला, द्रौपदी या नाटकांनी महाराष्ट्राला वेड लावले. भास्करबुवा बखले यांच्यासारखे थोर गवई पदांना चाली देत. या कंपनीच्या साथीदारांत तबल्यावर अहमदजान थिरकवा आले. सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. गायक-नट जितका मोठा, तितकीच साथ मोठी असली पाहिजे, हा बालगंधर्वांचा आग्रह होता आणि त्यासाठी पैसा खर्च करताना त्यांनी कधी हात आखडला नाही. कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला तेव्हाही साथीचा दर्जा त्यांनी उतरू दिला नाही.

त्या काळच्या नाट्यगृहाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ध्वनिक्षेपक नाही. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाललेले. एकेका पदाला वन्समोअर पडत आहेत. रंगमंचावर भरजरी शालू नेसलेली रुक्मिणी उभी आहे आणि हजारभर डोळे तिच्यावर खिळले आहेत. रंगमंचाच्या पुढ्यात खाली साथीदार बसले आहेत. त्यांना तिच्या ओठांकडे पाहायचे आहे, तिच्या श्वासाकडे कान द्यायचा आहे, आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ठेका स्वच्छ ऐकू जाईल पण पदाचा एकही शब्द त्याखाली दबणार नाही इतकाच हात चालवायचा आहे. राजापूरहून जैतापूर-मुसाकाजीच्या बंदरातून आगबोटीने मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या आपल्या आजे-पणज्यांपैकी काहींनी पिटातल्या स्वस्त तिकिटावर बसून असली नाटके पाहिलीही असतील. घरी येऊन त्यांनी कोणाचे वर्णन केले असेल? बालगंधर्वांच्या शालूचे आणि गळ्याचे! त्यात वावगे काही नाही. परंतु त्या गळ्याला निर्धास्तपणे बागडता यावे म्हणून खाली कोणीतरी जमीन धरून ठेवली होती.

बालगंधर्वांचे गाणे लयीच्या दृष्टीने सोपे नव्हते. ते शब्द लयीच्या किंचित मागे ठेवीत, मध्येच पुढे घेत, आणि समेवर असे अलगद येत की ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. असा गायक ज्याच्या भरवशावर लयीशी खेळतो तो ठेका घड्याळासारखा कोरडा असून भागत नाही, आणि गायकाबरोबर वाहून जाणारा असूनही भागत नाही. थिरकवांनी हे साधले. अद्धा, धुमाळी, दादरा, केरवा हे ठेके तसे साधे. आमच्या तबल्याच्या क्लासात ते पहिल्या वर्षात होतात. पण साधा ठेका तासन् तास, रात्रीमागून रात्री, एकाच वजनाने आणि तरीही ताज्या हाताने धरणे किती अवघड असते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पदाच्या दोन ओळींमध्ये जागा मिळाली की ते एखादी छोटी लग्गी अशी टाकीत की प्रेक्षकांची दाद त्यांनाही मिळे. पण गायकाने तोंड उघडताच हात पुन्हा ठेक्यावर. जागा सोडण्याची ही समजच साथीचा प्राण आहे, असे मला हे सर्व वाचताना वाटू लागले.

येथे त्रितालाचे एक साधे उदाहरण देतो. सोळा मात्रांच्या या तालात पहिल्या नऊ मात्रा डग्गा बोलतो. दहाव्या मात्रेला तो थांबतो आणि चार मात्रा गप्प राहून चौदाव्या मात्रेला परत येतो. त्या चार मात्रांत तबला एकटा वाजतो. गाणारा डोळे मिटून कितीही दूर गेला असला तरी खालचा आवाज नाहीसा झाला की त्याला आपण कोठे आहोत हे कळते. डग्गा परतला की सम जवळ आली. म्हणजे डग्गा वाजून जेवढे सांगतो तेवढेच न वाजूनही सांगतो.

वसतिगृहातील एका मित्राला हे सांगत होतो तेव्हा त्याने आपल्या मोबाइलवर मला जमैका बेटावरील रेगे संगीत ऐकवले. बॉब मार्ली (१९४५–१९८१) हे नाव आपल्यापैकी अनेकांना त्याच्या चित्राच्या सदऱ्यांमुळे ठाऊक असते. मित्राने मला गाण्याकडे दुर्लक्ष करून खालचा खर्ज ऐकायला लावले. तो बास गिटारचा खर्ज ॲस्टन बॅरेट यांचा. ते २०२४ साली वारले. ढोलावर त्यांचे धाकटे बंधू कार्लटन बॅरेट असत. त्या गाण्यांतील एका प्रसिद्ध चालीत चार मात्रांपैकी पहिली मात्रा मोकळी सोडून मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर येतो, आणि बास गिटार स्वरांच्या मध्ये मुद्दाम जागा ठेवीत स्वतःचीच एक धून चालवते. तेथील जाणकार म्हणे गायकाइतकाच त्या बासवादकांचा अभ्यास करतात. रॉबी शेक्सपिअर हे त्यांतील दुसरे मोठे नाव. ते २०२१ साली गेले. हजारो मैलांवरचे ते संगीत आणि आपले नाट्यपद यांचे काही नाते नाही. तरी खालचा आवाज धरणाऱ्याने केव्हा गप्प बसावे हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, याची मला गंमत वाटली.

परंतु एक शंका उरते, आणि ती टाळून चालणार नाही. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशी सारी विद्या ज्याच्या हातात होती, त्या माणसाने उमेदीची वर्षे नाटक कंपनीत साधे ठेके देण्यात का घालवली? ही विद्येची नासाडी नव्हे काय? काही अभ्यासकांना नाटकातील नोकरी हे शास्त्रीय कलावंताचे दुर्दैव वाटते. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर उत्तर सोपे आहे. संस्थाने आश्रय देत, पण तो मोजक्यांना आणि मर्जीवर. नाटक कंपनी दरमहा पगार देई, राहण्या-जेवण्याची सोय करी. तबलजी आणि सारंगिये यांना तेव्हाच्या समाजात मान नव्हता. कोठीवरच्या गाण्याशी त्यांचे नाव जोडले जाई, आणि मैफलीत त्यांना गायकाच्या मागे बसवले जाई. अशा दिवसांत बालगंधर्वांनी आपल्या साथीदारांना जो मान दिला तो दुर्मिळ होता.

पण केवळ पोटासाठी म्हणून या वर्षांची बोळवण करणेही मला पटत नाही. ध्वनिक्षेपकाशिवाय मोठे नाट्यगृह भरायचे तर प्रत्येक बोलाचा नाद शुद्ध आणि गोल काढावा लागतो. नुसत्या जोराने आवाज लांब जात नाही. थिरकवांच्या हाताच्या ज्या गुणाची पुढे देशभर वाखाणणी झाली तो हाच. त्यांचा बोल वेगातही अस्पष्ट होत नसे आणि हळू वाजतानाही मरत नसे. त्यांचा डग्गा गुणगुणल्यासारखा वाजे. रंगभूमीच्या त्या जागरणांनी त्यांच्या हाताला हे वळण लावण्यास मदत केली असली पाहिजे, असे माझे नम्र मत आहे. तज्ज्ञांनी चुकले असल्यास सांगावे.

नुकसान झाले नाही असे मात्र म्हणवत नाही. त्या रात्रींपैकी काहीच उरलेले नाही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत रात्रभराचे नाटक कसे मावणार? त्या जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे, साथीदाराचे बहुधा नसे. आमच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेची परंपरा अशी बरीच जुनी आहे!

बोलपट आला आणि संगीत नाटकाला ओहोटी लागली. गंधर्व मंडळीचे वैभवही सरले. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या धर्मात्मा या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. थिरकवा १९३६ च्या सुमारास रामपूर संस्थानाच्या दरबारात गेले. रामपूर हे संगीताचे मोठे पीठ होते. ग्वाल्हेर-सहसवान परंपरेचे गवई मुश्ताकहुसेनखाँ तेथेच होते. या काळात आणि पुढे देशातील बहुतेक सर्व थोर गायक-वादकांना थिरकवांनी साथ केली. आग्रा घराण्याचे फैयाझखाँ त्यांतील एक. ख्यालाला ठेका, सतारीला झुंज, आणि स्वतंत्र वादनाला बसले तर तासभर एकट्याचा दरबार, असे तिन्ही प्रांत त्यांनी सारख्याच अधिकाराने सांभाळले.

त्यांच्या स्वतंत्र वादनाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आज तबल्याच्या वर्गात आपण जी रचना पाठ करतो ती रूढ करण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. आरंभी पेशकार. गवयाने रागाची बढत करावी तसा तो सावकाश उलगडत जाई. मग कायदे, त्यांचे पलटे, रेले, आणि शेवटी गती व तुकडे. तबल्याचे स्वतंत्र वादन पूर्वीही होते, पण ते बहुतांशी जाणकारांपुरते. सामान्य श्रोत्याने तिकीट काढून केवळ तबला ऐकायला यावे, ही प्रतिष्ठा या वाद्याला ज्या थोड्या लोकांनी मिळवून दिली त्यांत थिरकवा अग्रणी होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकायला मिळतात. मी त्या ऐकल्या. उतारवयातला हात आहे, वेगाची फुशारकी कोठेच नाही. ऐकणाऱ्याला बोल मोजावेसे वाटत नाहीत, ऐकावेसे वाटतात. डग्ग्याकडे कान ठेवून दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा माझ्या डाव्या हाताची मला लाज वाटली.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. थिरकवा लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात तबल्याचे प्राध्यापक झाले. हे महाविद्यालयही एका मराठी माणसाच्या ध्यासातून उभे राहिलेले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली ते मॉरिस कॉलेज या नावाने सुरू झाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते वाढवले. म्हणजे मुरादाबादचा मुलगा मुंबईत शिकला, मराठी नाटकात रमला, आणि उत्तरेत परतल्यावरही मराठी माणसाने उभारलेल्या विद्यालयातच शिकवू लागला. ज्या विद्येचा एकेक बोल पूर्वी राखून ठेवला जाई, ती फळ्यासमोर बसलेल्या कोणाही विद्यार्थ्याला देण्याची वेळ आली होती.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९५३-५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. साथीदार म्हणून ज्यांना मागे बसवले जाई त्या तबलजींच्या जातकुळीतील एका माणसाला देशाने असा मान द्यावा, ही घटना केवळ व्यक्तीपुरती नव्हती. त्यामागे अर्धशतकाचा ठेका होता.

आता शिष्यांविषयी. पंडित निखिल घोष हे त्यांचे नामांकित शिष्य. त्यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था १९५६ साली स्थापन केली. महाराष्ट्रात लालजी गोखले यांनी त्यांची तालीम जपली. आग्रा परंपरेचे थोर गायक-गुरू जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजेच गुणीदास, यांनीही तबल्याची विद्या थिरकवांकडून घेतली होती. बुवांच्या गाण्यातील आणि त्यांच्या शिष्यांच्या बंदिशींतील लयीचे भान ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी हे सारे जगन्नाथबुवांकडे शिकले. अभिषेकीबुवांनी पुढे संगीत नाटकाला दिलेल्या चाली आपण आजही गातो. बालगंधर्वांच्या पुढ्यात बसून ठेका धरणाऱ्या हातांचे संस्कार अशा आडवाटेने पुन्हा मराठी रंगभूमीकडे पोहोचले.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. थिरकवांचे एक आवडते शिष्य सुरेश उर्फ भाई गायतोंडे हे मूळ कणकवलीचे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत कणकवली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. भाईंनी प्रथम जगन्नाथबुवांकडे आणि नंतर प्रत्यक्ष थिरकवांकडे तालीम घेतली. ती विद्या त्यांनी ठाण्यात बसून कित्येक विद्यार्थ्यांना दिली. २०१९ साली ते गेले. राजापूरहून कणकवली फार दूर नाही. मुरादाबादची विद्या आपल्या अंगणाच्या इतक्या जवळून गेली, हे मला या लेखाच्या निमित्तानेच कळले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत थिरकवा पुन्हा मुंबईस आले. राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने त्यांना शिकवण्यासाठी बोलावले होते. ऐंशी ओलांडल्यावरही ते मैफलीत वाजवीत. ज्या शहरात मुलगा म्हणून विद्या मिळवली त्याच शहरात म्हातारपणी ती देण्याचा योग त्यांना आला. पण मन लखनौत गुंतलेले असे. मोहरमसाठी ते लखनौला गेले होते आणि मुंबईस परतण्याच्या तयारीत असताना १३ जानेवारी १९७६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. बालगंधर्व त्यांच्या आधी, १५ जुलै १९६७ रोजी गेले होते. गाणारा आणि ठेका धरणारा दोघेही आता नाहीत. बालगंधर्वांचे नाव रंगमंदिरांना आहे, त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांच्या पदांचे कार्यक्रम होतात. थिरकवांचे नाव तबला शिकणारी मुले कान पकडून घेतात. ही विभागणी न्याय्य आहे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

माझ्यापुरते सांगतो. या वर्षीच्या गणपतीत आमच्या वाडीच्या भजनाला मी तीन रात्री साथीला बसलो. बुवा बदलले, मी बसून होतो. दुसऱ्या रात्री एका संथ अभंगात मी काही न करता केवळ ठेका धरला, डग्ग्याच्या खालीच्या चार मात्रा पुऱ्या मोकळ्या सोडल्या, आणि बुवांनी डोळे उघडून माझ्याकडे एकदा पाहिले. शब्द नाही, दाद नाही. पुन्हा डोळे मिटून ते गाऊ लागले, आणि या वेळी अधिक निर्धास्तपणे. त्या एका कटाक्षात मला जे मिळाले ते छापील नावात मिळाले असते असे वाटत नाही.

तरीसुद्धा स्नेहसंमेलन समितीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना माझी एक नम्र विनंती आहे. यंदाच्या पत्रिकेत साथसंगत या शब्दापुढे पेटी, तबला, झांज, जे जे वाजवतील त्यांची नावे वर्गासह छापावीत. ही मागणी माझ्या नावासाठी नाही. यंदा माझे शेवटचे वर्ष आहे आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर दुसरे कोणी बसलेले असेल. अर्धी ओळ जागा लागेल. ज्या मराठी रंगभूमीने एका थिरकवाला आपल्या पुढ्यात सन्मानाने बसवले, तिचा वारसा सांगणाऱ्या कला महाविद्यालयाला ती अर्धी ओळ जड जाऊ नये.